मन चिंती ते वैरी न चिंती : काळजी आणि भीतीच्या कल्पनांना ख्रिस्ती विश्वासाने कसे तोंड द्यावे

मराठीत ‘काळजी’ हा एकच शब्द दोन वेगळ्या क्रियापदांबरोबर चालतो. आई आजारी असली की आपण तिची काळजी घेतो, आणि रात्री दोन वाजता टक्क जागे राहून तिची काळजी करतोही. काळजी घेण्यात हात गुंतलेले असतात, कारण पेज करायची असते, औषधाची वेळ पाहायची असते, उशी सरकवायची असते. काळजी करण्यात हात रिकामेच राहतात, नुसते मन धावत असते, आणि सकाळी थकवा मात्र त्या धावण्याचाच अधिक असतो. पेत्राच्या पहिल्या पत्रातील एका वचनात (५:७) हे दोन्ही प्रकार समोरासमोर ठेवलेले आहेत : ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.’ करण्यातली काळजी देवावर टाकायची आणि घेण्यातली काळजी आपल्या वाट्याला येईल तेवढी उचलायची, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. ते रात्री दोन वाजता प्रत्यक्षात कसे साधायचे, हा खरा प्रश्न आहे आणि पुढचे सारे त्यासाठी आहे.

माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरी करतो, आणि गोव्यात ही काही नवलाची गोष्ट नव्हे. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात सलग पाच दिवस त्याचा फोन आला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या निरोपापुढे एकच करडी टिक दिसत होती. वास्कोच्या आमच्या घराच्या कौलांवर पाऊस कोसळत होता, वीज गेली होती आणि अंधारात इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका तेवढा दिसत होता. पहिल्या रात्री मी स्वतःला सांगितले की नेटवर्क नसेल. दुसऱ्या रात्री माझ्या मनात त्याच्या इंजिनरूमला आग लागली. तिसऱ्या रात्री बोटीवर चाचे चढले. चौथ्या रात्री मी दाबोळी विमानतळावर शवपेटी उतरवून घ्यायला कोण जाईल आणि आईला कोणत्या शब्दांत सांगायचे, हे ठरवत बसले होते. एखाद्या वैऱ्यालाही इतके तपशील सुचले नसते. सहाव्या दिवशी फोन आला. बोट भर समुद्रात होती आणि त्या टप्प्यात जोडणीच मिळत नव्हती. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘ताई, यंदा पुरुमेंतात (पावसाळ्याच्या साठवणीत) सुके बांगडे भरलेस ना?’

त्या पाच रात्री मी प्रार्थना केली नाही असे नाही. उलट तासन्‌तास केली. पण ती प्रार्थना म्हणजे देवाला मोठ्याने ऐकवलेली काळजीच होती, आणि म्हणून ‘आमेन’ म्हटल्यावर मी सुरुवातीपेक्षा जास्त घाबरलेली असे. विश्वास असूनही हे का होते, याचा विचार मी त्यानंतर करू लागले. खाली दिलेल्या पायऱ्या त्या विचारातून, पवित्र शास्त्राच्या वाचनातून आणि प्रार्थनासभेनंतर माझ्याजवळ येऊन बसणाऱ्या अनेकांच्या बोलण्यातून तयार झाल्या आहेत.

पहिली पायरी : भीती कागदावर उतरवावी

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. मोबाइलवर लिहू नये, कारण तोच मोबाइल बातम्या आणि फॉरवर्ड दाखवून भीतीला नवे इंधन पुरवतो. पानाच्या मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे ‘मला काय ठाऊक आहे’ असे लिहावे आणि उजवीकडे ‘मी काय रंगवले आहे’ असे लिहावे. मग मनात जे घोळत आहे ते पूर्ण वाक्यात मांडावे. ‘काहीतरी वाईट होणार’ हे वाक्य चालणार नाही. काय होणार, कोणाला होणार, केव्हा होणार आणि हे मला कोणी सांगितले, इतके तरी लिहिलेच पाहिजे. माझ्या भावाच्या बाबतीत डाव्या बाजूला एकच ओळ आली असती : ‘रविवारपासून निरोप पोहोचलेला नाही.’ आग, चाचे आणि शवपेटी हे सारे उजवीकडे गेले असते.

बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात हीच वही उघडलेली दिसते. मोशेने कनान देश हेरायला बारा माणसे पाठवली. चाळीस दिवस ती एकाच देशात एकत्र हिंडली, त्यांनी तीच शहरे पाहिली, तेच द्राक्षांचे घोस उचलून आणले. परत आल्यावर दहा जणांनी सांगितले की नगरे तटबंदीची आहेत आणि लोक धिप्पाड आहेत. इथपर्यंत ते खरेच बोलत होते आणि उरलेल्या दोघांपैकी कालेबानेही ते नाकारले नाही. पण शेवटी ते म्हणाले की आम्ही आमच्या दृष्टीने टोळांसारखे होतो आणि त्यांच्याही दृष्टीने तसेच होतो. यातला पहिला भाग त्यांच्या मनाची अवस्था होती. दुसरा भाग मात्र निव्वळ कल्पना होती, कारण त्या धिप्पाड लोकांना ‘आम्ही तुम्हाला कसे दिसतो’ असे विचारायला कोणी गेल्याचे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. भीती हे नेहमी असेच करते. एका खऱ्या वाक्याच्या शेपटीला ती एक रंगवलेले वाक्य जोडते आणि दोन्हींवर एकच शिक्का मारते. ती शेपटी कुठे सुरू होते हे शोधणे, हेच या वहीचे काम आहे.

सुरुवातीला उजवी बाजू लिहायला लाज वाटते, हेही सांगून ठेवते. आपण किती दूरवर पोहोचलो होतो ते कागदावर पाहवत नाही. तरी लिहावे, कारण ते पान दुसऱ्या कोणी वाचायचे नसते.

दुसरी पायरी : आधी देह, मग उपदेश

एलीया संदेष्टा ईजबेलीच्या धमकीने घाबरून रानात पळाला आणि एका रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला प्रथम काय दिले हे आपण बहुधा विसरतो (१ राजे १९). देवाने त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची चंबू पुढे केली, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांच्या चालीनंतर आला. आपल्याकडे घाबरलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटाला वचन ऐकवण्याची घाई असते. वचन खरे असते, पण ते ऐकणारे कान त्या क्षणी धडधडीने भरलेले असतात.

धोका खरा असो की कल्पनेतला, शरीराची गजर-यंत्रणा दोन्ही वेळा सारखीच वाजते : छाती धडधडते, तळहात घामेजतात, पोटात गोळा येतो. त्यामुळे ‘मला इतकी धडधड होते आहे, म्हणजे नक्कीच काहीतरी घडले असणार’ हा निष्कर्ष चुकीचा असतो. गजर वाजतो आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. अशा वेळी उठून बसावे, पाय फरशीवर टेकवावेत आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा, म्हणजे चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, असे पाच मिनिटे करावे. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. झोप लागावी म्हणून ‘औषधापुरती’ फेणी घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तिने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते, आणि भीतीचे राज्य नेमके त्याच वेळी असते.

तिसरी पायरी : पुरुमेंत कोणते आणि काळजी कोणती, हे निवडावे

‘ह्यास्तव उद्याची चिंता करू नका, कारण उद्याची चिंता उद्याला, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’ (मत्तय ६:३४) हे वचन ऐकून अनेकांना अपराधी वाटते. मुलीच्या फीचे पैसे बाजूला ठेवणे, विमा काढणे, रक्त तपासून घेणे, हे सारे अविश्वासाचे लक्षण आहे की काय, असे मला कितीदा तरी विचारले गेले आहे. गोव्यात राहणाऱ्याला याचे उत्तर स्वयंपाकघरातच सापडावे. मे महिन्यात आपण पुरुमेंत भरतो. सुकी मासळी, मिरच्या, चिंच, सोले, तांदूळ आणि कडधान्ये डब्याबरण्यांत जातात, कारण जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पाऊस कधी घराबाहेर पडू देईल याचा नेम नसतो. पुरुमेंत भरणारी बाई पावसाची काळजी करत नसते. तिने काळजी घेऊन झालेली असते, आणि म्हणूनच ती पाऊस सुरू झाल्यावर निवांत झोपू शकते. योसेफाने मिसरात सुबत्तेच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरला, ते देवाच्याच सूचनेवरून. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात यरुशलेमेच्या तटावर हल्ला होणार अशी बातमी येते, तेव्हा लोक देवाची प्रार्थना करतात आणि रात्रंदिवस पहाराही बसवतात; दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत.

याची दुसरी बाजूही शास्त्रात आहे. लूकच्या बाराव्या अध्यायातला श्रीमंत शेतकरी जुनी कोठारे पाडून मोठी बांधायला निघतो आणि मग आपल्या जिवाला सांगतो की आता तुला पुष्कळ वर्षे पुरेल इतके आहे. त्याने साठवले हा त्याचा दोष नव्हता. त्याने कोठारालाच देव केले. पुरुमेंत चार महिन्यांचे असते. काळजी चाळीस वर्षांचे भरू पाहते.

तेव्हा वहीच्या त्याच पानावर तळाला तिसरा भाग करावा : ‘आज माझ्या हातात काय आहे?’ हातात काही असेल तर ते नेमके लिहावे, दिवस घालावा आणि करावे. काहीच नसेल तर ‘माझ्या हातात नाही’ असे स्पष्ट लिहावे. त्या पाच दिवसांत माझ्या हातात एक गोष्ट होती. भावाला बोटीवर पाठवणाऱ्या एजंटच्या कचेरीत फोन करून बोट कुठे आहे हे विचारता आले असते. मी तो केला नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती. काळजी करण्यात मी इतकी गुंतले होते की काळजी घ्यायची राहून गेली.

या बाबतीत मला गोव्याच्याच एका माणसाची आठवण होते. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जुझे वाझ श्रीलंकेत गुप्तपणे कार्य करायला गेले आणि पोर्तुगीज हेर असल्याच्या संशयावरून कँडीत कैदेत पडले. सुटका त्यांच्या हातात नव्हती. तिथे त्यांनी सिंहली भाषा शिकायला घेतली, आणि पुढची जवळजवळ दोन दशके ती त्यांच्या कामी आली. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले. मला मात्र त्यांचे मोठेपण त्या कोठडीतल्या धड्यांत दिसते.

चौथी पायरी : प्रार्थनेला आरंभ असावा आणि शेवटही असावा

माझ्या पाच रात्रींच्या प्रार्थनेत नेमके हेच नव्हते. ती कुठूनही सुरू होई आणि संपतच नसे. म्हणून दिवसातली वीस मिनिटे ठरवून घ्यावीत. शेजारच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी तेर्स (रोझरीची प्रार्थना) सुरू होतो, त्याच सुमाराला आमच्या घरी मराठी प्रार्थना होते. तुमची वेळ तुम्ही निवडावी, फक्त ती अंथरुणावर पडल्यानंतरची नसावी. सकाळी अकरा वाजता काळजी डोके वर काढू लागली, तर वहीत एक शब्द टिपावा आणि तिला सांगावे की तुझा विचार संध्याकाळी होईल. चिंतेवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञही काळजीला अशी ठरावीक वेळ नेमून द्यायला सांगतात. फरक इतकाच की आपण त्या वेळी एकटे बसत नाही.

फिलिप्पैकरांस पत्रात पौलाने सांगितलेला क्रम (४:६-७) मी जसाच्या तसा पाळते : ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना व विनंती करून आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा.’ हे लिहिणारा माणूस तेव्हा बेड्यांत होता आणि आपण जगू की मरू हे त्याला ठाऊक नव्हते, हे लक्षात ठेवून ते वाचावे. प्रथम स्तोत्र वाचावे, आणि मन जड असेल तर जड स्तोत्र वाचावे. तेरावे स्तोत्र ‘हे परमेश्वरा, किती वेळ?’ या प्रश्नाने सुरू होते आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. देवासमोर हसरा चेहरा घेऊन जाण्याची गरज नाही, हे या स्तोत्रांनी मला शिकवले.

मग वही उघडून उजव्या बाजूची एकेक ओळ घ्यावी आणि तिची मागणी करावी. ‘देवा, सगळे ठीक कर’ असे मोघम बोलू नये. ‘भावाच्या बोटीच्या यंत्रांची राखण कर, त्याला शांत झोप दे, मला उद्या सकाळी एजंटला फोन करण्याचे धैर्य दे’, असे मागावे. प्रत्येक मागणी एकदाच करावी. तीच मागणी दहा वेळा घोळवली की ती पुन्हा काळजी होते. त्यानंतर आभार मानावेत, आणि तेही आजच्या दिवसातल्या तीन गोष्टींचे, नावानिशी : दुपारी वीज आली, आईने दोन घास जास्त खाल्ले, शेजारणीने न मागता भाजी दिली. भीतीचे डोळे उद्यावर खिळलेले असतात, आणि आभार त्यांना बळेच आजवर आणतात. पौलाने हा शब्द सौजन्य म्हणून घातलेला नाही. शेवटी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणून आमेन म्हणावे, वही मिटावी आणि उठावे. उठणे महत्त्वाचे आहे.

त्याच वचनात पुढे आश्वासन येते की सर्व बुद्धिसामर्थ्यापलीकडची देवाची शांती तुमची अंतःकरणे व विचार ख्रिस्त येशूच्या ठायी ‘राखील’. मागितलेले सारे मिळेल असे येथे म्हटलेले नाही. मूळ ग्रीक क्रियापद सैन्याच्या भाषेतले आहे; नगराच्या वेशीवर पहारा ठेवण्यासाठी ते वापरतात. पण गोव्यातल्या वाचकाला ग्रीकपर्यंत जायचे कारण नाही. गावाच्या सीमेवर राखणदार रात्रभर फिरतो, त्याच्या काठीचा आवाज येतो, अशी गोष्ट इथे प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. राखील म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही; फक्त मनाच्या सीमेवर कोण फिरतो आहे, एवढे ठरवायचे असते.

पाचवी पायरी : कल्पनाशक्तीला दुसरा चारा द्यावा

ज्यांना भीतीच्या कल्पना सुचतात, त्यांची कल्पनाशक्ती जात्याच तल्लख असते. ती मारून टाकण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. ‘हा विचार करायचा नाही’ असे ठरवले की तोच विचार आधी येतो. येशूने काळजी करणाऱ्यांना नुसते ‘करू नका’ म्हटले नाही, तर त्यांचे डोळे दुसरीकडे वळवले : आकाशातली पाखरे पाहा, रानातली फुले कशी वाढतात ते पाहा. ही काव्यमय सजावट आहे असे मला पूर्वी वाटे. आता ती मला सूचना वाटते आणि मी ती अक्षरशः पाळते. पावसाळ्यात शेतात पाणी साचले की बगळे येतात. एका बगळ्याकडे दहा मिनिटे पाहावे. तो एका पायावर किती वेळ थांबतो, पाऊल उचलताना पाणी कसे हलत नाही, बेडूक निसटला की काय करतो, हे पाहताना मनातली बोट आपोआप दूर जाते.

रात्री बगळे नसतात. तेव्हासाठी एक लहान वचन श्वासाबरोबर बांधून ठेवावे. छप्पन्नाव्या स्तोत्रातले मी वापरते : श्वास घेताना ‘मला भीती वाटते तेव्हा’ आणि सोडताना ‘मी तुझ्यावर भाव ठेवीन’. भीती वाटत नाही असे खोटे त्यात म्हणावे लागत नाही, म्हणून ते मला प्रिय आहे. ज्यांना लय लागते त्यांनी ओवी म्हणावी. इथल्या मातीत हे नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ साली सासष्टीतल्या राशोल येथे छापली गेली; चारशे वर्षांपूर्वी इथले नवे ख्रिस्ती लोक ती कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात ऐकत होते. ओवीची लय घाबरलेल्या श्वासाला आपल्या मापात आणते.

याहून कठीण, पण सर्वांत उपयोगी असा एक सराव आहे. भीती आपली गोष्ट नेहमी सर्वांत वाईट क्षणी थांबवते : फोन वाजतो, आणि पडदा पडतो. ती गोष्ट तिथे थांबू न देता पुढे न्यावी. दिवसाउजेडी, खुर्चीत बसून, स्वतःला विचारावे, ‘आणि मग?’ नोकरी गेली, आणि मग? भाड्याचे पैसे दोन महिने पुरतील, आणि मग? मी भावाला सांगेन, चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी बोलेन, दुसरे काम शोधेन. भीतीच्या चित्रात देव कधीच नसतो, हे या सरावात लक्षात येते. तेविसावे स्तोत्र मृत्युच्छायेची दरी पुसून टाकत नाही. त्या दरीत एक ‘तू माझ्याबरोबर आहेस’ उभा करते, आणि नेमक्या त्याच ओळीपासून स्तोत्रकर्ता देवाविषयी बोलणे थांबवून देवाशी बोलू लागतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विश्वास ठेवला की भीती वाटते ते कधीच घडणार नाही, असे कोणी सांगत असेल तर ते शास्त्राचे बोलणे नव्हे. दानीएलच्या पुस्तकातले तीन तरुण भट्टीसमोर उभे राहून म्हणाले की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने तसे केले नाही तरीही आम्ही मूर्तीला नमणार नाही. त्या ‘तरीही’वर माझा विश्वास उभा आहे. माझ्या भावाचा फोन आला. असा फोन न आलेली घरेही मला माहीत आहेत, आणि त्या घरांतला विश्वास माझ्यापेक्षा कमी नव्हता.

दृष्ट, देवचार, अपशकुन, अमावास्या यांची भीती घेऊन येणारेही पुष्कळ असतात, त्यांत बाप्तिस्मा झालेलेही असतात. त्यांना हसू नये. रात्री वादळात येशू पाण्यावरून चालत आला तेव्हा शिष्यही ‘भूत!’ म्हणून ओरडले होते, आणि त्याने त्यांना न रागावता ‘मी आहे, भिऊ नका’ म्हटले. मला राग येतो तो शाप आणि जगाच्या अंताचे हिशेब मोबाइलवर पसरवून श्रद्धाळूंना घाबरवणाऱ्यांचा. असे निरोप न वाचता पुसून टाकावेत.

सहावी पायरी : ज्याची भीती वाटते तिकडे लहान पाऊल टाकावे

टाळल्याने भीती वाढते, हा नियम साधा आहे आणि त्याला अपवाद फार थोडे. आमच्या ओळखीच्या एका बाईंची मुलगी चोडण बेटावर दिली आहे. कुठल्याशा बोट-अपघाताचा व्हिडिओ पाहिल्यापासून बाईंनी रायबंदरची फेरीबोट सोडली आणि डिचोलीवरून मोठा वळसा घालून त्या मुलीकडे जाऊ लागल्या. मग वळसाही जड वाटू लागला आणि जाणेच थांबले. त्यांनी पुढे जे केले ते असे. पहिल्या आठवड्यात त्या नुसत्या धक्क्यावर उभ्या राहिल्या आणि चार फेऱ्या येताना-जाताना पाहून परतल्या. दुसऱ्या आठवड्यात बोट धक्क्याला लागलेली असताना वर चढून परत उतरल्या. तिसऱ्या आठवड्यात भाच्याला बरोबर घेऊन पार गेल्या, आणि महिन्याभराने एकट्या. निघण्यापूर्वी त्या वहीत ‘काय होईल असे वाटते’ ते लिहीत आणि पोहोचल्यावर ‘काय झाले’ ते लिहीत. पहिल्या एकटीच्या फेरीनंतर त्यांनी लिहिले होते : ‘शेजारी एक जण मासळीची टोपली घेऊन उभा होता. वास फार होता. दुसरे काही झाले नाही.’

प्रत्येक पाऊल भीती थोडी ओसरेपर्यंत टिकवावे, मध्येच पळू नये. (फेरीबोटीचा हा फायदा आहे की नदीच्या मध्यावर पळता येत नाही.) पेत्र पाण्यावर चालताना वारा पाहून बुडू लागला, हे आपण नेहमी त्याच्या अल्पविश्वासाचे उदाहरण म्हणून ऐकतो, बोटीत बसून राहिलेल्या अकरा जणांविषयी मात्र कोणी प्रवचन करत नाही.

सातवी पायरी : एक माणूस, आणि लागेल तेव्हा डॉक्टर

पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून येशूसमोर सोडले, तेव्हा येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असे मार्क सांगतो. स्वतःचा विश्वास संपला असे वाटते त्या दिवसांसाठी असा एक तरी माणूस आधीच ठरवून ठेवावा, ज्याला अर्ध्या रात्री फोन केला तरी तो ‘विश्वास कमी पडला’ असे म्हणणार नाही. त्याने ऐकावे, आपल्याबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारपूस करावी, एवढे पुरे.

पण काळजी कित्येक महिने रोजच छळत असेल, झोप आणि भूक गेली असेल, कामावर जाणे अशक्य झाले असेल, किंवा अचानक छाती आवळून जीव जातो आहे असे वारंवार वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. बांबोळीला मनोरुग्णोपचाराची सरकारी संस्था आहे, आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आणि चोवीस तास चालतो. जगू नये असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे आणि एकटे राहू नये. औषध घेणे म्हणजे विश्वास हरणे, हे मत मला साफ अमान्य आहे. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, नुसती प्रार्थना करायला नव्हे. गोळी चालू असताना वही आणि प्रार्थनाही चालू ठेवता येते. गोळी बंद करायची ती मात्र डॉक्टरांना विचारूनच.

भीती परत आली तर

ती परत येते. दोन महिने शांत गेलेल्या माणसाला एखाद्या रात्री पुन्हा तेच चित्र दिसते आणि सारे वाया गेले असे वाटते. गेथशेमाने बागेत येशूचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता. त्याने आपल्या तिघा मित्रांना जवळ थांबायला सांगितले, आणि ते झोपी गेले. त्याने प्रार्थना केली, उठून त्यांच्याकडे आला, परत गेला, पुन्हा प्रार्थना केली. मत्तय स्पष्ट लिहितो की तिसऱ्या वेळी त्याने तेच शब्द पुन्हा उच्चारले. त्याला नवे शब्द शोधावे लागले नाहीत, मग आपल्याला का लागावेत? दिवा लावावा, पाय फरशीवर टेकवावेत, वहीचे पुढचे कोरे पान काढावे, वर तारीख घालावी आणि मधोमध रेघ मारावी.